फ्यूज उडाल्याचे पेढे

गाडीतला फ्यूज उडाला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या घरासमोरच राहतो.

म्हणजे होतं असं. एखादा जीपवाला तणतणत येतो. "ओ शेठ, काय काम केलंय तुमी? भर मिरवणुकीत आवाज बंद! गावात इज्जत गेली राव." शेठ बॉनेट उघडतो, बॅटरीशेजारची प्लास्टिकची डबी उघडतो, आतला जळका फ्यूज चिमटीत धरून उजेडाकडे करतो आणि त्याचा चेहरा खुलतो. "उडला! लई भारी उडला! थांबा भाऊ, जाऊ नका." मग तो आत जाऊन पुडा घेऊन येतो. "घ्या, पेढा घ्या. त्यो मेला, तुमी वाचला. त्यो उडला नसता तर तार पेटली आसती, तार पेटली आसती तर गाडी, आन् गाडीत कोण व्हतं?" जीपवाला भांडायला आलेला असतो, पण तोंडात पेढा असताना भांडता येत नाही. नवा फ्यूज बसवून, दुसरा पेढा खिशात घेऊन तो निमूट जातो.

ह्या गृहस्थाचं नाव हस्तीमल. आईबापांनी नाव ठेवताना पुढचा अंदाज घेतलेला दिसत नाही, कारण ह्याचं वजन पंचेचाळीस किलो, आणि तेही शर्टाच्या खिशातल्या मीटरसकट. पूर्वज राजस्थानातून आले. कधी आले ते त्यालाही सांगता येत नाही. घोडेगावच्या पेठेत एका भावाचं कापडाचं दुकान आहे, दुसऱ्याचं किराणा मालाचं. तिसऱ्यानं, म्हणजे ह्यानं, शिनोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बरोबर माझ्या ओट्यासमोर, गाड्यांना साउंड बसवायचं दुकान थाटलं. भाऊ म्हणतात, आमच्या सात पिढ्यांनी मिळून एवढा आवाज केला नव्हता.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. गावात सगळे मला सर म्हणतात, हस्तीमल एकटा गुरुजी म्हणतो. दहावीच्या वर्गाला विजेच्या धड्यातली एकसर जोडणी आणि समांतर जोडणी मी इतकी वर्षं फळ्यावर काढतोय की डोळे मिटूनही काढीन. घरातला बल्ब मात्र माझी बायको सुनंदा बदलते. हे हस्तीमलला माहीत आहे आणि तो ते विसरत नाही.

"गुरुजी, तुमच्या फळ्यावरची तार कदी जळली का?"

"नाही."

"म्हून तुमी निवांत. आमची जळती."

त्याची कामाची पद्धत मी ओट्यावर बसून पाठ केली आहे. गाडी आली की आधी बॉनेट. बॅटरीची वजा बाजू सोडवायची आणि ती फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवायची. त्याशिवाय तो गाडीच्या दारालाही हात लावत नाही. मग सबवूफर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: सबवूफर म्हणजे परातीएवढा काळा स्पीकर, जो गाणं ऐकवत नाही, नुसती छातीत धडधड करतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात हल्ली लग्नाला, यात्रेला, गणपतीला निघणाऱ्या गाडीत तो नसेल तर गाडी निघालीच नाही असं समजतात. हस्तीमल प्रत्येक सबवूफरला मीटर लावतो आणि येईल तो ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, आकडा खडूनं खोक्यावर लिहितो. मग टॉर्चमधला सेल काढून त्याच्या दोन तारांना टेकवतो. काळा पडदा बाहेर उचलला गेला तर बरोबर, आत ओढला गेला तर तारा उलट्या. सगळं जोडून झालं की अर्धा तास गाणं लावायचं आणि त्या सगळ्यांना चालवणाऱ्या अँप्लिफायरच्या अंगावर उलटा हात ठेवून बसायचं. एक मिनिट, दोन मिनिटं, डोळे मिटून.

"ताप न्हाई," असं तो म्हणाला की गिऱ्हाइकानं किल्ली मागायची. आधी मागितली तर मिळत नाही.

धंद्याच्या वेळाही त्याच्याच. जैन माणूस, सूर्य मावळायच्या आत त्याचं जेवण व्हायला पाहिजे. ऊन कलायला लागलं की अर्धी जोडलेली गाडी तशीच सोडून शटर खाली. नारायणगावहून आलेला माणूस हातापाया पडला तरी उपयोग नाही. "उद्या या. गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, कुनी खात न्हाई तिला." बिचारे यष्टीनं परत जातात.

पण त्याचा खरा शब्द म्हणजे 'हिंसा'. मुंगी, ढेकूण, कांदा-बटाटा इथपर्यंत मलाही समजत होतं. हस्तीमलनं ती अँप्लिफायरपर्यंत नेली. एका अँपवर त्याला न झेपणारे सबवूफर लादणं ही हिंसा. बारीक तारेतून जास्त वीज नेणं ही हिंसा. रंग न खरवडता गाडीच्या पत्र्याला अर्थिंग आवळणं ही किरकोळ हिंसा. "त्याला तोंड न्हाई म्हून काय झालं? तापतोय म्हंजी सांगतोयच की त्यो!" असं तो गिऱ्हाइकाला सुनावतो आणि गिऱ्हाईक अपराध्यासारखं अँपकडे बघतं.

एक स्पीकर चालतो तिथं चार का चालत नाहीत, हे तो शेतकऱ्यांना इतकं सोपं करून सांगतो की मला माझ्या फळ्याची लाज वाटते. "ईरीवरची मोटार बघितली ना? तिला चार पायपा शेजारी शेजारी लावल्या आन् समद्या मोकळ्या सोडल्या. पानी कसं येतं? धो धो. आन् मोटार? तापून जळती. आता त्याच पायपा एकापुढं एक लावा. पानी कमी, पन मोटार खुशाल. सबवूफरचं तसंच हाये. शेजारी शेजारी जोडलं की ओहम उतरतो, अँपवर भार चढतो. एकापुढं एक जोडलं की ओहम चढतो, अँप गार ऱ्हातो. ह्या अँपला दोन ओहमच्या खाली उतरवायचं न्हाई आसं त्याच्या पाठीवर लिव्हलंय. मी न्हाई लिव्हलं, बनवनाऱ्यानं लिव्हलंय." हेच मी समीकरण मांडून सांगतो तेव्हा वर्गातली निम्मी मुलं खिडकीबाहेर बघत असतात.

एकदा जुन्नरकडचे एक बैलगाडा मालक पिकअप घेऊन आले. शर्यतीचे बैल घाटावर, म्हणजे शर्यतीच्या मैदानात, न्यायची गाडी. मागं हौद्यात मोठ्ठी खोकी बसवायची होती. हस्तीमलनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"बैल कुटं उबे ऱ्हात्यात?"

"ते काय, खोक्याला लागून."

"त्यांना इचारलं का?"

मालक हसले. हस्तीमल हसला नाही. त्यानं दुकानातलं खोकं आणून हौद्यात ठेवलं, मालकांना हाताला धरून बैलाच्या जागी उभं केलं आणि गाणं सोडलं. दुसऱ्या कडव्याला मालक स्वतःहून खाली उतरले. नंतर पुढच्या केबिनमध्ये दोन साधे स्पीकर बसवून खुशीत गेले. असा धंदा करून हा माणूस जगतो कसा, हे पेठेतल्या त्याच्या भावांना पडलेलं कोडं मलाही पडलेलं आहे.

आता गेल्या भाद्रपदातली गोष्ट सांगतो, कारण तोवर मी ह्या माणसाला नुसता हसत होतो.

आमची रूपाली पारगावला दिलेली आहे. जावई प्रशांतराव; घरचा ऊस, शिवाय साखर कारखान्यात नोकरी. माणूस सोन्यासारखा, पण गाडीच्या आवाजाचं भारी वेड. त्यांच्या गाडीत हस्तीमलनंच आदल्या वर्षी दोन सबवूफर एका अँपवर बसवून दिले होते. गणपतीच्या आधी आठ दिवस प्रशांतराव आणखी दोन, अगदी तसेच, विकत घेऊन आले. म्हणाले, "मामा, शेठना सांगा, हे दोन त्याच अँपला जोडून द्या. गणपती आणताना गाव हाललं पायजे."

मी मोठ्या रुबाबात त्यांना समोर घेऊन गेलो. जावयाचं काम, आणि दुकानदार आपला मित्र. सासऱ्याला मिरवायला यापेक्षा काय लागतं?

हस्तीमलनं खडू काढला आणि फरशीवरच हिशेब मांडला. "आत्ता दोन हायेत, चार-चार ओहमचे, शेजारी शेजारी. झाले दोन. अँपची हद्द तितंच संपली. आजून दोन तसेच लावले तर एक ओहम. न्हाई जमायचं पावणं."

"मग कसं जमंल?"

"जोड्या लावू. दोन एकापुढं एक, ती एक जोडी. दुसरे दोन एकापुढं एक, ती दुसरी. मंग दोनी जोड्या शेजारी शेजारी. चार ओहम येतील. अँप खुशाल."

"पण अँपची ताकद कमी निघंल ना?"

"निघंल की थोडी."

"मग चार घेऊन काय फायदा? शेठ, मला पुरा जोर पायजे. तुमी लावा सरळ, जळला तर माजा जळंल."

"ही हिंसा हाये," हस्तीमल म्हणाला. "मी न्हाई करायचो. आन् हे तुमाला पटत नसंल तर ऱ्हाऊ द्या. उद्यापून माजं पर्युषण सुरू व्हतंय, आठ दिस मी नवं काम घेत न्हाई."

गणपतीचा हंगाम, रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि हा मनुष्य आठ दिवस काम घेत नाही. प्रशांतराव माझ्याकडे बघायला लागले. मी हस्तीमलकडे बघायला लागलो. हस्तीमल खडू खिशात ठेवायला लागला.

जावई न जेवता परत गेले. पुरणपोळीचा घाट घातलेला होता. सुनंदानं तो सगळा राग पुढचे तीन दिवस माझ्यावर काढला. "तुमच्या त्या शेठनं जावयाला दारातून परत लावलं, आणि तुम्ही नंदीबैलासारखे उभे! गौरीला पोरीला बाळंतपणाला आणायचीय. त्यांनी मनावर घेतलं म्हणजे?" रूपालीला सातवा महिना सरत आला होता. गौरींच्या आदल्या दिवशी प्रशांतराव तिला त्याच गाडीतून आणून सोडणार, असं ठरलं होतं. आता सोडतात की नाही, हा सुनंदाचा घोर. मला वेगळा घोर लागायचा होता.

चतुर्थीला सकाळी रूपालीचा फोन आला. बोलता बोलता म्हणाली, "पप्पा, गाडीचा आवाज आता बंद पडत नाही. मित्रानं आणि ह्यांनी मिळून जोडले चारही. पहिले दोन दिवस फ्यूज सारखा उडायचा. मग ह्यांनी त्या जागी तार टाकली, आपल्या विहिरीवरच्या डब्यात टाकतात ना, तशी. आता काही उडत नाही. फक्त गाणं मोठं लावलं की रबर जळाल्यासारखा वास येतो. मला हल्ली वास सहन होत नाही, म्हणून जास्त येत असेल."

फोन ठेवला आणि मी ओट्यावर जाऊन बसलो.

आमच्या भागात विहिरीवरच्या मोटारीच्या डब्यात फ्यूजच्या जागी जाड तार घालणं ही काही चूक मानत नाहीत. सगळेच घालतात. पाणी थांबता कामा नये, एवढाच विचार. प्रशांतरावांच्या हाताला तीच सवय. पण विहिरीवरच्या डब्यात माणूस बसत नाही. ह्या डब्यात माझी रूपाली बसणार होती, पोटातल्या बाळाला घेऊन, पारगाव ते घोडेगाव.

आता तुम्ही म्हणाल, विज्ञानाचे शिक्षक तुम्ही, उचलायचा फोन आणि सांगायचं जावयाला. खरं आहे. तीनदा उचलला. एकदा लागलासुद्धा. "गणपती बसला का?" एवढंच विचारलं आणि ठेवला. आधीच दुखावलेला जावई. त्याला 'तुमची जोडणी चुकली' कोणत्या तोंडानं सांगणार? सुनंदाला सांगावं तर ती रात्रंदिवस जागेल. वर्गात दरवर्षी 'फ्यूजचे महत्त्व दोन मुद्द्यांत लिहा' म्हणून दरडावणारा मी, घरच्या जावयापुढे एक मुद्दा मांडू शकलो नाही. मला माझीच चीड आली.

शेवटी हस्तीमलला गाठायचं ठरवलं. तो दुकानात नव्हता. त्या दिवशी त्याची संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा दिवस. तो स्थानकात बसला असणार. स्थानक म्हणजे त्यांची प्रार्थनेची जागा. मी चपला काढून आत गेलो. पांढऱ्या कपड्यातली माणसं ओळीनं बसलेली, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. हस्तीमल भिंतीकडेला तोंडावर पांढरी पट्टी बांधून बसला होता. समोर वाळूचं घड्याळ. मी त्याच्याजवळ टेकलो आणि कानात कुजबुजलो, "शेठ, चारही शेजारी शेजारी जोडलेत."

काही नाही. वाळू पडत होती.

"एक ओहम झालाय."

पलीकडच्या आजोबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

"फ्यूजच्या जागी तार घातलीय. आणि परवा रूपाली त्याच गाडीतून यायचीय."

हस्तीमलचे डोळे एकदम मोठे झाले. मला वाटलं, आता बोलेल. पण त्यानं ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले आणि डोळे मिटून घेतले. मौन होतं. उपवासही होता, पाण्याचा थेंब न घेता केलेला. मी पाच मिनिटं वाट बघितली आणि उठलो. अँप्लिफायरच्या तापाची एवढी काळजी करणाऱ्याला माझ्या पोरीसाठी एक शब्द काढता आला नाही! चपला घालताना मी मनातल्या मनात त्याला बरंच काही बोललो. दुसऱ्या दिवशी तर त्याचं शटर सकाळपासूनच बंद. म्हटलं, बरोबर आहे, धर्म झाला, आता आराम.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून मी ओट्यावर. रूपालीला फोन केला, "गाडीत गाणी लावू नका हं, तुझं डोकं दुखतं." ती हसली. "निघालो पप्पा," म्हणाली आणि ठेवला. पारगावहून इथवर यायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे. त्या दिवशी मात्र घड्याळाचा काटा कुणी धरून ठेवला होता कोण जाणे. ओझरच्या विघ्नहराला मी मनातल्या मनात किती नवस बोललो, ते आता आठवतही नाहीत. सुनंदा आतून विचारत होती, "अहो, तिथं ताटकळत काय बसलाय?" मी म्हणालो, "वारा छान आहे."

आणि गाडी आली. लांबूनच ऐकू आली. गणपतीचं गाणं लागलेलं, आवाज खोल आणि भरीव, पण नुसती धडधड नव्हती. शब्दही ऐकू येत होते. गाडी थांबली, दार उघडलं, आणि आमची रूपाली एक हात कमरेवर ठेवून सावकाश खाली उतरली. मला रडूच आलं. तुकडा ओवाळायला सुनंदा बाहेर येईपर्यंत मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो खरोखरच उतरतो, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रशांतराव उतरले तेच हसत. "मामा, तुमचे शेठ म्हंजी नाद करायचा न्हाई! आवाज ऐकला का? आधीपेक्षा दुप्पट वाजतंय आन् ताकद म्हणे कमी लागतीय."

"शेठ? कोणते शेठ?"

"असं काय करता? काल नाय का पाठवले तुमी?"

मी कुणालाच पाठवलं नव्हतं.

मग रूपालीनं सगळं सांगितलं. पंचमीला सकाळी सकाळी हस्तीमल स्कूटरवरून पारगावला त्यांच्या दारात हजर. घरचे सगळे अंगणात. हा पंचेचाळीस किलोचा माणूस सरळ प्रशांतरावांसमोर गेला आणि हात जोडून म्हणाला, "मिच्छामि दुक्कडं. त्या दिवशी दारात आलेल्या तुमाला मी तोडून बोललो. मन दुखावलं आसंल. माफी द्या." संवत्सरी झाली की वर्षभरात ज्यांना दुखावलं असेल त्यांची अशी माफी मागायची त्यांच्यात रीत आहे. बापाच्या वयाचा माणूस सगळ्यांदेखत हात जोडून उभा. प्रशांतरावांना कुठं बघावं कळेना. त्यांनीच वाकून त्याच्या पायाला हात लावला आणि पोटातला राग तिथंच संपला.

"मंग आलोच हाये तर," हस्तीमल म्हणाला, "गाडीचा ताप बघतो जरा."

त्यानं बॉनेट उघडलं आणि आत वाकून बॅटरीची तार बोटानं चाचपत गेला. मग त्यानं प्रशांतरावांना जवळ बोलावून दाखवलं. बॅटरीची तार जिथून पत्र्याच्या भोकातून गाडीत शिरते, तिथलं रबर ओढाताणीत निसटलं होतं. तार तापून वरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि आतलं तांबं पत्र्यापासून केसभर अंतरावर आलं होतं. एखादा खड्डा जोरात बसायचा अवकाश होता. मध्ये उडायला फ्यूज नव्हता. होता तो तारेचा तुकडा. प्रशांतराव तिथंच उंबऱ्यावर बसले. कुणी त्यांना काही म्हणालं नाही, हस्तीमल तर मुळीच नाही. वजा बाजू सोडवून, फडक्यात गुंडाळून त्यानं कामाला सुरुवात केली.

तार बदलली, रबर बसवलं, नवा फ्यूज घातला. सेल टेकवून बघितलं तर नवे दोन्ही सबवूफर उलटे जोडलेले निघाले. दोन ढकलत होते तेव्हा दोन ओढत होते, म्हणून चार असूनही आवाज मार खात होता आणि प्रशांतराव तो आणखी मोठा करत होते. हस्तीमलनं जोड्या लावल्या, जशा त्यानं दुकानाच्या फरशीवर खडूनं काढल्या होत्या तशाच. दुपार झाली.

"झालं का शेठ?" प्रशांतरावांनी विचारलं.

"न्हाई. पोरगी कुटं बसनार?"

"मागं, डाव्या बाजूला."

हस्तीमल गाडीत मागं डाव्या बाजूला जाऊन बसला. गाणी मोठ्यानं लावायला लावली. एक हात सीटखालच्या अँपवर, दुसरा सीटच्या पाठीवर. असा तो तासभर बसला, डोळे मिटून. रूपाली चहा घेऊन गेली तर म्हणाला, "नगं बाळा. कालपून उपास हाये. पारनं घरी जाऊन करीन."

तेव्हा तिला कळलं की ह्या माणसानं आदल्या दिवसापासून पाणीही घेतलेलं नाही. उपवास सकाळीच सोडायचा होता. तिनं त्याला खाली उतरवलं, पाणी उकळून निववलं, मुगाचं कढण केलं आणि वाटी त्याच्या हातात दिली. वाटी हातात घेऊन तो नुसता बसला. तिनं विचारलं, "शेठकाका, मीठ कमी आहे का?"

"मीठ बराबर हाये," तो म्हणाला. "बायको गेल्यापून कुनी हातात दिलं नव्हतं. मी आपलं एकट्यानंच करून, एकट्यानंच सोडतो दरसाल."

रूपाली हे सांगत होती आणि सुनंदा पदर डोळ्यांना लावून ऐकत होती. जावयाला दारातून परत लावणारा तो हाच, हे ती साफ विसरली होती. इतक्या वर्षांत दुकानामागच्या त्या खोलीत हस्तीमल एकटा राहतो हे मला माहीत होतं, पण सणाच्या दिवशी तो काय करत असेल असा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ओट्यावरून मी त्याचं सगळं पाहिलं, शटरच्या आतलं कधी पाहिलं नाही.

मी रस्ता ओलांडून गेलो. सुनंदाही मागोमाग आली. हस्तीमल कुणाच्या तरी गाडीत वाकून बसला होता. मी म्हणालो, "शेठ, तुमचे उपकार कसे—"

"गुरुजी, आदी माजं ऐका," तो बाहेर येत म्हणाला. "त्या दिशी मौन व्हतं. तुमी घोर घेऊन आला आन् मी बोललो न्हाई. रातभर तुमाला झोप लागली नसंल. मिच्छामि दुक्कडं."

आता ह्या माणसाला काय म्हणायचं? मी त्याला स्थानकाच्या पायरीवर मनात काय काय बोललो होतो ते सगळं सांगून टाकलं, एकही शब्द न गाळता. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बराबर बोलला." मग मीही हात जोडले. त्यांचे ते शब्द मला नीट उच्चारता आले नाहीत, पण त्याला पोचले.

सुनंदाला हे सगळं फार लांबलं असं वाटलं असावं. ती मध्येच म्हणाली, "ते राहू द्या. भाऊजी, पुढच्या वर्षी पारणं आमच्याकडे. कांदालसूण काही नाही, पाणी उकळलेलं. मी सांगून ठेवतेय, नाही म्हणायचं नाही."

हस्तीमल गोंधळला. हातातलं मीटर त्यानं खिशात घातलं, परत काढलं. "नगं वैनी. मला घरातल्या आवाजाची सवय ऱ्हायली न्हाई. चार मानसं बोलाय लागली की बावरतो मी."

समोर आमच्या दारात रूपाली आणि प्रशांतराव कशावरून तरी हसत होते.

"पुडल्या साली," हस्तीमल तिकडे बघत म्हणाला, "गणपतीला पोरगी येनार ना?"

"येणार की. बाळाला घेऊन येणार."

"बाळ रडंल मंग."

"रडेल. दंगा करेल, भांडी आपटेल, तुमच्या मिशा ओढेल."

त्यानं मिशांवरून उलटा हात फिरवला.

"मंग येतो," म्हणाला.